चिंचेच्या बावखलातला चिखल

सेलिन मॅडम खुर्चीत बसलेल्या मला आठवत नाहीत. प्रयोगशाळेत त्यांची म्हणून एक खुर्ची होती, पण तिच्यावर कायम चिखलाच्या पिशव्या असायच्या. त्या उभ्यानेच पेपर तपासायच्या, उभ्यानेच डबा खायच्या. चहाचा कप हातात घेऊन बोलत बोलत कॉरिडॉरच्या टोकाला जायच्या आणि तिथल्या खिडकीत तो विसरून यायच्या. आमचे शिपाई तांडेल काका संध्याकाळी कॉलेजभर हिंडून ते कप गोळा करायचे. "मॅडमच्या पायाला भिंगरी हाय," ते म्हणायचे, "आनि कपांना पन."

मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. वसई रोडला एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. वडील मुंबईत नोकरीला. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी घरापुरतंच होतं, आणि घरातही मी फार बोलायचे नाही. कॉलेजच्या बोर्डवर चिठ्ठी लागली होती, मायक्रोबायॉलॉजीच्या प्रकल्पासाठी सहायक हवी. जिथे माणसांपेक्षा जंतू जास्त असतील अशी जागा मला बरी वाटली. म्हणून गेले.

मुलाखत अशी झाली की मॅडमनी माझ्या हातात एक बाटली दिली आणि म्हणाल्या, "बघ." स्वतः दुसऱ्या टेबलाकडे निघून गेल्या. बाटलीच्या तळाशी काळा चिखल होता, वर गढूळ पाणी. काचेला लागून, चिखलाच्या जरा वर, लालसर जांभळा थर चढला होता. त्याच्या खाली शेवाळी हिरवी रेघ. मी बाटली फिरवत राहिले. उजेडाच्या बाजूला रंग गडद होता, मागच्या बाजूला जवळजवळ नव्हताच. हे बोलावं की नाही ते ठरेना.

मॅडम परत आल्या. "काय दिसलं?"

"उजेडाकडे जास्त आहे," मी म्हणाले.

"आणि काय विचारावंसं वाटलं?"

मी बाटली पुन्हा उजेडाकडे फिरवली. त्या हसल्या. "दहा मिनिटं न बोलता बघत राहिलीस. आधीचा मुलगा दहा मिनिटं बोलत होता. उद्यापासून ये. चिखलात भिजले तरी चालतील असे कपडे घाल."

तो लाल रंग म्हणजे जिवाणू. झाडांसारखे तेही उजेडावर जगतात, पण झाडांसारखा ऑक्सिजन सोडत नाहीत. उलट हवा लागली की त्यांचं उजेड खाणं बंद पडतं. म्हणून ते तळ्याच्या गाळात राहतात, जिथे थोडा उजेड पोचतो आणि हवा पोचत नाही. मॅडम वर्गात हे असं सांगायच्या: "पृथ्वीवर पहिलं पान फुटायच्या कितीतरी आधीपासून हे लोक चिखलात बसून उजेड खातायत. आपण सगळे नंतर आलो." शिकवताना त्या जिवाणूंना 'लोक'च म्हणायच्या.

हे लोक त्यांना वसईच्या बावखलांतून गोळा करायचे होते. बावखल म्हणजे वाडीच्या कडेला खणलेलं तळं. पावसाळ्यात भरतं, पाणी जमिनीत मुरतं, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही शेजारची विहीर वर्षभर गोडी राहते. भुईगावात आणि आसपासच्या गावांत अशी बावखलं कितीतरी होती. एकेकाचे चारपाच घरांत वाटे. पण नळ आले, वाडीतली मुलं नोकरीला लागली, जागांना गिऱ्हाईकं आली, आणि बावखलं एकामागून एक बुजू लागली.

मॅडमचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक बावखलाच्या गाळातली वस्ती वेगळी आहे. एका बावखलात जे राहतात ते पाचशे पावलांवरच्या दुसऱ्यात असतीलच असं नाही. मुंबईच्या संस्थेतले त्यांचे मार्गदर्शक हे मानत नव्हते. तेच पाणी, तीच माती, तोच पाऊस, वेगळं काय असणार, असं ते म्हणायचे. मॅडमना हे जिवाणूंच्या जनुकांवरून दाखवून द्यायचं होतं, तेही बावखलं शिल्लक आहेत तोवर. सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी पीएच.डी.ला नाव घातलं ते त्यासाठी. एकदा त्या मला म्हणाल्या, "बुजवणारा म्हणतो, एक गेलं तर काय झालं, पलीकडे दुसरं आहेच की. दुसरं नाहीये गं. हे मला कागदावर हवंय."

कपाटाच्या दारावर बावखलांची यादी चिकटवलेली होती. नावं लोकांनी पाडलेली: चिंचेचं, वाटेवरचं, धोब्याचं, जोडबावखल. एखादं बुजलं की मॅडम त्यावर पेन्सिलीने रेघ मारायच्या. सगळ्यात वरच्या नावावर मी यायच्या आधीच रेघ होती. ते त्यांच्या माहेरचं. भावाने विकलं तेव्हा मॅडमनी फक्त चार दिवस मागितले होते. भाऊ म्हणाला, "सेलिन, डंपर सांगून झालेत." कॉलेज सुटल्यावर त्या तिथे पोचल्या तेव्हा वर सपाट मैदान झालं होतं. ही गोष्ट मला त्यांनी नाही, तांडेल काकांनी सांगितली. मॅडम भावाबद्दल वाईट बोलायच्या नाहीत. नाताळात कुस्वार, म्हणजे सणाचा गोड फराळ, घेऊन त्याच्याकडे जायच्याच.

त्यांची मोपेड हा एक वेगळाच प्रकार होता. बोलायला थांबल्या तरी ती चालूच ठेवायच्या. "बंद केली की पुन्हा सुरू होत नाही," असं सांगायच्या, पण मला वाटतं त्यांचंही तसंच होतं. मागे मी, माझ्या मांडीवर प्लॅस्टिकचा क्रेट, त्यात बाटल्या, आणि आडवा धरलेला पाइपाचा तुकडा. गाळ काढायची पद्धत त्यांनी स्वतः बसवली होती. सलवार गुडघ्यावर खोचून पाण्यात शिरायचं, पाइप गाळात उभा दाबायचा, वरच्या तोंडावर तळवा घट्ट ठेवायचा आणि हळूच उपसायचा. चिखलाची कांडी अख्खी वर येते. ती फळीवर सरकवली की मॅडम नाक खाली नेऊन वास घ्यायच्या. सडक्या अंड्यासारखा वास आला की त्यांचा चेहरा उजळायचा.

"वास येतोय म्हणजे घरात माणसं आहेत."

मग तो गाळ बाटलीत. बाटली जिवाणूंना लागणारे क्षार घातलेल्या पाण्याने काठोकाठ भरायची, बूच बसवायचं, आणि उलटी करून बघायचं. आत हवेचा बुडबुडा दिसला तर पुन्हा. ही सवय त्यांच्या हाताला इतकी लागली होती की कोणतीही बाटली हातात आली की त्या उलटी करायच्या. कँटीनमधली थंड पेयाची, खोकल्याच्या औषधाची, कसलीही. पुतण्याच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात त्यांनी घरच्या वाइनची बाटली उजेडासमोर उलटी धरली आणि गंभीरपणे म्हणाल्या, "बुडबुडा आहे." भाऊ म्हणाला, "अगं, ती पियाला आहे!" सगळे हसले. मॅडम हसल्या, पण बाटली तशीच धरून.

भरलेल्या बाटल्या लाकडी कपाटात चाळीस वॉटच्या बल्बखाली ठेवायच्या. दोन आठवड्यांत रंग चढायचा. कुठली जांभळी, कुठली विटकरी, एखादी हिरवी. वीज मात्र रोज जायची. बल्ब विझले की मॅडम वर्ग अर्ध्यावर सोडून धावत यायच्या. "उजेड गेला, लोक उपाशी!" मग मी, मॅडम आणि तांडेल काका क्रेट उचलून तीन जिने चढून गच्चीवर. वीज आली की परत खाली, कारण भर उन्हात बाटल्या तापतात. एका उन्हाळ्यात आम्ही हे दिवसातून दोनदोनदा केलं. मुलांनी त्याला 'मॅडमची मिरवणूक' नाव दिलं होतं. तांडेल काका पाचूबंदरचे, कोळी. गच्चीवर ओळीने मांडलेल्या बाटल्या बघून ते म्हणाले, "आमच्याकडे बोंबील सुकतान, तुमच्याकडे चिखल. वास कोनाचा जास्त ते सांगा."

"तुमचा विकला जातो काका," मॅडम म्हणाल्या. "आमचा नाही."

एवढी घाई असलेली बाई एका ठिकाणी मात्र घाई करायची नाही. बावखलात पाय टाकायच्या आधी ज्यांचे त्यात वाटे आहेत त्या प्रत्येक घरी जायचं. हा तिथला रिवाज. रस्त्यावरून पाणी दिसतंय म्हणून उतरलं असं चालत नाही. ओटीवर जायचं, कोणाची कोण ते सांगायचं, काय न्यायचं ते सांगायचं, देतील ते खायचं. मॅडम ओटीवरसुद्धा बसायच्या नाहीत, पण तिथून हलायच्याही नाहीत. उभ्या उभ्या कोणाच्या हातातली वाटी घेऊन वाल सोलायच्या, उन्हात सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी बांधायला लागायच्या, पडवीतल्या म्हाताऱ्या बाईशी घरच्या बोलीत बोलायच्या. ती बोली मला कळायची नाही. मी अंगणाच्या टोकाला क्रेट धरून उभी. कोणी माझ्याकडे बघून विचारायचं, "ही कोनाची?" मॅडम म्हणायच्या, "माझी." मला तेवढ्याने सुटल्यासारखं वाटायचं.

एप्रिलच्या शेवटी मॅडमना परीक्षेचं काम लागलं. यादीतली शेवटची तीन बावखलं राहिली होती. पाऊस पडला की गाळ ढवळतो, म्हणून आधी उरकायला हवी होती. त्यांनी मला एकटीला पाठवलं. "पद्धत तुला माझ्यापेक्षा चांगली येते. फक्त दार वाजव."

धोब्याच्या बावखलावर एक बाई कपडे धूत होती, तिनेच मान हलवली. वाटेवरचं बावखल रस्त्याला लागून होतं, त्याचे मालक समोरच भेटले. तिथलाही चिखल मिळाला. राहिलं चिंचेचं. ते मालकाच्या, पास्कू अंकलच्या, वाडीत आत होतं. फाटकाशी मी थांबले. आत अंगण लांबलचक, शेवटी ओटी, ओटीवर बनियनमधला एक म्हातारा माणूस आणि त्याच्या पायाशी कुत्रा. कुत्रा भुंकला नाही, फक्त उठला. म्हातारा ओरडला, "कोन हाय?"

उत्तर द्यायला मला तीन शब्द पुरले असते. ते मी मनात जुळवले, मराठीत, मग इंग्रजीत, मग परत मराठीत. आणि तोंड न उघडताच मागे वळले.

वाटेवरच्या बावखलापाशी परत आले, पुन्हा पाण्यात उतरले, पाइप दाबला, कांडी काढली. बाटली भरली, उलटी करून बघितली. बुडबुडा नव्हता. चिठ्ठीवर लिहिलं, चिंचेचं. त्या वेळी मला फार वाईट वाटलं असं नाही. पावसाळ्यानंतर दुसरी फेरी होतीच. तेव्हा मॅडम बरोबर असतील, खरा चिखल घेऊ, असं मी स्वतःला सांगितलं.

जुलैत मॅडम सगळ्या बाटल्यांतला गाळ घेऊन मुंबईच्या संस्थेत आठवडाभर जात होत्या. तिथे यंत्रावर जनुकाचा एक ठरावीक तुकडा वाढवायचा, तो जेलीसारख्या थरातून, म्हणजे जेलमधून, सरकवायचा आणि उमटलेले पट्टे बघायचे. प्रत्येक जमातीचा पट्टा वेगळ्या जागी थांबतो, म्हणून पट्ट्यांची रांग ही त्या बावखलाची ओळख. शनिवारी त्या जेलचा फोटो घेऊन आल्या आणि तो टेबलावर ठेवून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. हलल्या नाहीत. त्यांना इतकं स्थिर मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला भीती वाटली.

"सगळ्या रांगा वेगळ्या आल्या," त्या म्हणाल्या. "फक्त दोन सारख्या. अगदी सारख्या, पट्ट्याला पट्टा. चिंचेचं आणि वाटेवरचं."

मी फोटोकडे बघितलं. तेरावी आणि चौदावी रांग. जुळ्या बहिणींसारख्या.

"सर म्हणाले, बघा, मी सांगत होतो. दोन तळी सारखी निघाली, उद्या चार निघतील. बाकीचा फरक तुमच्या बाटल्यांमुळे असेल." त्या टेबलापाशी आल्या, परत खिडकीपाशी गेल्या. "बरोबर आहे त्यांचं. माझं म्हणणं चूक असेल तर चूक. तसंच लिहावं लागेल. तीन वर्षं…"

दोन दिवस मी काही बोलले नाही. ते दोन दिवस मॅडम दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून बघत होत्या, जुन्या वह्या उलगडत होत्या, दोन्ही बावखलांना जोडणारा एखादा पाट होता का ते म्हाताऱ्या लोकांना फोनवर विचारत होत्या. प्रबंधाच्या मसुद्यातली 'प्रत्येक' हा शब्द असलेली सगळी वाक्यं त्यांनी लाल पेनाने खोडली. मी ते खोडताना पाहिलं. सोमवारी मी त्यांच्यासमोर उभी राहिले. जेलच्या फोटोवर बोट ठेवलं.

"मॅडम, चिंचेचा चिखल चिंचेचा नाहीये."

"म्हणजे?"

"पास्कू अंकलच्या घरी मी गेलेच नाही. दोन्ही बाटल्या वाटेवरच्याच आहेत."

त्यांनी फोटो उचलला. जवळ धरला, लांब धरला. आणि एकदम मोठ्याने हसल्या. मला वाटलं त्या ओरडतील, त्याची मी तयारी केली होती. हसण्याची नव्हती.

"एकच पाणी! अगं, एकच पाणी! दोन बाटल्या, दोन नावं, आणि जेलने बरोबर ओळखलं! काका, इकडे या! सर म्हणतात बाटल्यांमुळे फरक येतो. बाटल्या दोन होत्या, फरक आला? नाही आला! याहून चांगली परीक्षा मी ठरवून घेतली नसती!" त्या खोलीत येरझाऱ्या घालत होत्या, काकांचा हात धरून हलवत होत्या. काकांना काही कळत नव्हतं, पण तेही हसत होते.

मग त्या मधेच थांबल्या. "आणि चिंचेचं?"

"ते आपण ऑक्टोबरात…"

"चल."

त्यांनी मोपेड काढली. भुईगावची वाट अरुंद, वळणावळणाची; पावसाने चिखल झालेला. पास्कू अंकलच्या वाडीच्या मागच्या बाजूला पोचलो तर कुंपण मोडलेलं होतं आणि आत डंपरच्या चाकांचे चर पडले होते. जिथे पाणी असायला हवं तिथे विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, दगडाची भुकटी. वर पावसाचं पाणी साचलेलं, घोट्याएवढं. चिंच तोडून बाजूला आडवी टाकली होती. पानं अजून पुरती वाळलेली नव्हती.

मॅडम त्या भरावावर चालत गेल्या. मधोमध वाकून विटा बाजूला सारायला लागल्या. हाताने. एक वीत खाली गेल्यावर पुन्हा विटाच. बराच वेळ त्या तसं करत राहिल्या. मी कडेला उभी होते. पुढे होऊन मदत करावी की नाही, तेही मला ठरवता आलं नाही.

शेवटी त्या आल्या, हात झटकले. "पुढच्या बाजूने जा. फाटकातून. त्यांना सांग."

"तुम्ही?"

"मी इथेच आहे."

ते अंगण मी चालत गेले. कुत्रा उठला. पास्कू अंकल त्याच जागी, त्याच बनियनमध्ये. "कोनाची गो तू?"

मी माझं नाव सांगितलं. कॉलेजातून आले म्हणून सांगितलं. एप्रिलमध्ये तुमच्या बावखलातला चिखल मागायला येणार होते, फाटकापर्यंत आले आणि परत गेले. माझी वाक्यं मोडकी होती. 'सेडिमेंट'ला पटकन मराठी शब्द आठवेना म्हणून हाताने दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चिखल?" ते म्हणाले. "चिखलच पायजे होता? मागाचा ना. घमेलंभर दिला असता." मग वाडीच्या मागच्या बाजूला बघत म्हणाले, "माजी आवय त्या पान्यावर कपडे धुवाची. मी पवाला तितं शिकलो. पोरगे म्हनाले, पप्पा, पान्याचे कोन पैसे देतो? सही केली." जरा वेळाने त्यांनी आतून सुकेळीचं एक पुडकं आणून माझ्या हातात दिलं. "उपाशी नको जाव."

बाहेर मॅडमनी मोपेड चालू ठेवली होती. पुडकं बघून विचारलं, "काय म्हणाले?" मी सांगितलं. घमेल्याचंही सांगितलं. त्यांनी एक सुकेळं तोडलं, उभ्यानेच खाल्लं.

"आता तुला दार वाजवता येतं," त्या म्हणाल्या. "महाग शिकलीस." आणि मग, मोपेडची मूठ पिळता पिळता, "मीही. एकटीला पाठवायला नको होतं."

त्यापुढे तो विषय त्यांनी माझ्यापाशी कधी काढला नाही. मला कामावरून काढलं नाही, उलट ऑक्टोबरच्या फेरीत प्रत्येक दार मलाच वाजवायला लावलं. त्या फाटकाबाहेर थांबायच्या. मी आत गेल्यावर मागे मोपेडचा आवाज ऐकू येत राहायचा, आणि तो आहे तोवर मला बोलता यायचं.

प्रबंधात मात्र त्यांनी एक गोष्ट केली. मार्गदर्शक म्हणाले होते, चिंचेच्या बावखलाची ओळच काढून टाका, यादीत होतं हे कोणाला माहीत आहे? मॅडमनी ओळ ठेवली. तक्त्यात नाव, जागा, खोली, आणि पुढच्या सगळ्या रकान्यांत आडव्या रेघा. खाली टीप: संशोधकाच्या चुकीमुळे नमुना घेतला गेला नाही, तळे आता अस्तित्वात नाही. तोंडी परीक्षेला मी शेवटच्या रांगेत बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या टिपेवरच बोट ठेवलं. "कसली चूक?"

"माझी," मॅडम म्हणाल्या. "मी वेळेवर पोचले नाही."

पुढचा प्रश्न आला. मी मान खाली घालून वहीवर काहीतरी लिहीत होते, काय ते आठवत नाही.

डॉक्टरेट मिळाली. तांडेल काकांनी दारावरच्या पाटीवर 'डॉ.' स्वतःच्या हाताने रंगवलं, थोडं वाकडं. सगळ्यांना वाटलं मॅडम आता जरा निवांत होतील. पण त्या एक तक्ता पुरा न झालेल्या माणसासारख्याच राहिल्या. चिंचेचा भराव नुसता पडून होता, बिल्डरचं काही अडलं होतं. त्यावर टाकळा आणि रानगवत माजलं होतं. भुईगावात कुठेही काम असलं तरी त्या मोपेड त्या वाटेने काढायच्या, वेग कमी करायच्या, बघायच्या आणि निघायच्या. एकदा मी विचारलं, खाली अजून काही जिवंत असेल का? "उजेड नाही, म्हणजे जेवण नाही," त्या म्हणाल्या. "काही लोक अंधारातही तग धरतात. किती दिवस, ते कोणी मोजलं नाहीये." जरा पुढे गेल्यावर त्यांनी मान अर्धी वळवली. "पण मेलेला माणूससुद्धा पट्टा देतो. गाळ मिळाला पाहिजे."

त्यानंतर वर्षभरात मला अंधेरीला एका औषध कंपनीत नोकरी लागली. मी कॉलेज सोडलं. पत्र लिहायचं ठरवलं होतं, फोनही करायचा होता. केला नाही. मी अशीच आहे.

दोनेक वर्षांनी एका रविवारी भुईगावला ऑफिसातल्या मैत्रिणीच्या घरी जेवायला चालले होते. रिक्षा त्या वळणावर आली तर पुढे पत्र्यांचं कुंपण, आत जेसीबी, आणि पायासाठी खणलेला भला मोठा खड्डा. कुंपणाला टेकून मॅडमची मोपेड उभी होती. इंजिन बंद होतं. मी रिक्षावाल्याला थांबवलं.

पत्र्याच्या फटीतून आत गेले. खड्डा दहाबारा फूट खोल. त्याच्या भिंतीत वर विटांचा आणि भुकटीचा थर, आणि खाली, तळाच्या जरा वर, हातभर रुंद काळी पट्टी. त्या पट्टीपाशी मॅडम गुडघे टेकून बसल्या होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. चुन्याचे डाग पडलेल्या सळयांमधून हात घालून त्या भिंतीतून गाळ उपसत होत्या. वर मुकादम वैतागून उभा होता.

"मॅडम, अब तो निकलो. काँक्रीट की गाडी नाके पे आ गयी."

"दोन मिनिटं!"

"सुबह से दो मिनिट चालू है." तो माझ्याकडे वळला. "आपकी कोई लगती हैं क्या?"

"माझ्या मॅडम आहेत," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले असणार, कारण जेसीबीवरच्या माणसानेही वळून बघितलं.

खालून मान वर न करता मॅडम ओरडल्या, "कोण आहे ते? शिडी धर! हलते ती!"

मी खाली बसून शिडीची वरची दोन्ही टोकं धरली. त्या चढायला लागल्या. हातांत काळा, घट्ट गाळाचा गोळा होता, त्यामुळे शिडीला धरता येत नव्हतं. कोपरं अडकवत एकेक पायरी येत होत्या. वर पोचल्या तेव्हा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. त्यांनी मला ओळखलं. आश्चर्य वाटल्याचं काही दाखवलं नाही. गोळा माझ्या ओंजळीत दिला. थंडगार होता, आणि त्याला तो वास होता.

"घट्ट दाबून धर. हवा लागू देऊ नको," त्या म्हणाल्या. "खाली अजून आहे."

मुकादम काहीतरी बोलायला पुढे झाला, पण तोवर त्या परत शिडीवरून उतरायला लागल्या होत्या.